बाहीचा उतार आणि ओळींचा हिशेब

विणकामात गेज, म्हणजे ठरावीक मापात बसणारे टाके आणि ओळी, म्हटले की बहुतेकजण १० सेंटिमीटरमध्ये आडवे किती टाके बसतात ते मोजतात आणि उभ्या ओळी मोजायचे राहूनच जाते. अंगाचा सरळ भाग विणेपर्यंत हे खपून जाते, कारण तिथे लांबी टेप लावून पाहता येते. बाही, मुंढा आणि गळा यांना आकार द्यायची वेळ आली की मात्र ओळींच्या आकड्यावाचून पाऊल पुढे पडत नाही, म्हणून माझ्या मते नमुन्यातून, म्हणजे आधी विणून पाहिलेल्या छोट्या तुकड्यातून, काढलेल्या दोन आकड्यांपैकी हा दुसरा आकडाच अधिक जपायला हवा.

नमुना किमान १५ सेंटिमीटर चौरस असावा, कारण कडेचे टाके कधी ओढले जातात, कधी सैल पडतात आणि खरे माप मधल्या १० सेंटिमीटरमध्येच मिळते. पुढे स्वेटर ज्या पद्धतीने धुणार त्याच पद्धतीने नमुना धुवावा, न ताणता सपाट वाळवावा आणि मगच मोजावा. मोजताना अर्धा टाका सोडून देऊ नये. १० सेंटिमीटरमागे अर्धा टाका म्हणजे १०० सेंटिमीटरच्या घेरात ५ टाके, आणि २२ टाक्यांच्या गेजवर ते सव्वादोन सेंटिमीटरहून जास्त होतात. कपडा गोल सुईवर सलग फेरात विणायचा असेल तर नमुनाही फेरातच विणावा, कारण अनेकांच्या हाताला उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल येते आणि फेरात सुलट विणताना ती उलट ओळच नसते.

आता बाही. गेज १० सेंटिमीटरमागे २२ टाके आणि ३० ओळी आहे, मनगटाशी रुंदी २२ सेंटिमीटर हवी आहे आणि दंडापाशी ३४ सेंटिमीटर, असे धरू. मनगटाचे ४८ टाके आणि दंडाचे ७४ टाके होतात, म्हणजे २६ टाके वाढवायचे. एका ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका वाढवला तर अशा १३ ओळी लागतील. शिवणीत दोन्ही बाजूंचा एकेक टाका जाणार असेल तर सुरुवातीलाच २ टाके जास्त घ्यावेत; त्याने वाढीच्या हिशेबात काहीच बदलत नाही. मनगटाची पट्टी संपल्यापासून काखेपर्यंत लांबी ४० सेंटिमीटर, म्हणजे १२० ओळी. दर आठव्या ओळीत टाके वाढवले तर १०४ ओळींत वाढ पूर्ण होते आणि वरच्या १६ ओळी, म्हणजे पाच सेंटिमीटरहून थोडा अधिक भाग, सरळ राहतो. हा सरळ भाग मी मुद्दाम ठेवते. वाढ थेट काखेपर्यंत नेली तर दंडाच्या सर्वांत जाड जागी बाही आवळते.

भागाकार नेहमी इतका नीट बसत नाही. तीच १३ वेळची वाढ ९८ ओळींत बसवायची असेल तर साडेसात ओळींमागे एक वाढ येते, आणि टाके सुलट बाजूच्या ओळीतच वाढवायचे असतील तर अंतर समसंख्येचे हवे. अशा वेळी ६ आणि ८ ओळींची अंतरे मिसळावीत: ३ वेळा सहाव्या ओळीत आणि १० वेळा आठव्या ओळीत, म्हणजे १८ अधिक ८०, बरोबर ९८. सहाची अंतरे एकाच ठिकाणी न आणता विखरून टाकली की कडेचा उतार एकसारखा दिसतो.

एखाद्या तयार कृतीशी, म्हणजे स्वेटर विणायच्या लिखित सूचनांशी, टाके तंतोतंत जुळतात, पण ३० ऐवजी ३३ ओळी येतात, असे वारंवार घडते. तेवढ्यासाठी सुई बदलू नये. ओळी जुळवायला गेले की जुळलेले टाके हातचे जातात. कृतीतल्या १२० ओळी तशाच विणल्या तर बाही ३६ सेंटिमीटरच्या आसपास थांबेल, आणि टेप लावून ४० सेंटिमीटरपर्यंत नेली तर वाढ लवकर संपून वरचा साडेआठ सेंटिमीटर भाग सरळ होईल. त्यापेक्षा टाके कृतीचे ठेवावेत आणि वाढीची अंतरे आपल्या १३२ ओळींवर नव्याने मांडावीत.

गळ्याला तर ओळींचा फरक लगेच जाणवतो. १८ सेंटिमीटर रुंदीसाठी ४० टाके घेतले, मधले १६ बंद केले, तर प्रत्येक बाजूला १२ उरतात. ते गळ्याच्या कडेने एक ओळ सोडून एकदा ३, दोनदा २ आणि पाच वेळा १ असे कमी करावेत. त्यात १६ ओळी जातात आणि वर ६ ओळी सरळ विणल्या की खोली सव्वासात सेंटिमीटर होते. गेज २६ ओळींचे असेल तर याच २२ ओळींत गळा साडेआठ सेंटिमीटर खोल उतरतो. हे कागदावर काढून पाहायचे असल्यास साधा चौकटींचा कागद फसवतो, कारण सुलट विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो आणि चौरस घरांत काढलेला गळा प्रत्यक्षापेक्षा लांबट दिसतो. मी २२ घरांच्या रुंदीत ३० ओळी उभ्या बसतील असा कागद स्वतः आखून घेते आणि गळ्याची रेषा त्यावर काढते.