विरोधी मताची सोय: डेबियनकडून घेण्यासारखं

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो अशा प्रकल्पात, वाद पेटला की 'समजुतीने घ्या' असा सल्ला हमखास मिळतो. पण त्याच मुद्द्यावरचा शंभरावा ईमेल वाचताना भल्याभल्यांची समजूत संपते. विरोधी मत प्रकल्पात टिकतं की नाही, हे माणसांच्या स्वभावापेक्षा नियमांवर जास्त अवलंबून असतं. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स-आधारित ऑपरेटिंग सिस्टम. तिची घटना, म्हणजे कारभाराची नियमावली, १९९८ पासून लेखी आहे. या घटनेचा उपयोग कुठे झाला आणि ती कुठे उसवली, हे दोन्ही जाहीरपणे घडलेलं आहे.

डेबियनमध्ये साधारण हजार डेव्हलपर आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही सर्वसाधारण ठराव मांडता येतो, मात्र आणखी काही डेव्हलपरांचं अनुमोदन लागतं. किती जणांचं? एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या निम्मे किंवा पाच, यांत जे कमी असेल तेवढ्यांचं. म्हणजे हजारांतल्या सहा जणांना अख्ख्या प्रकल्पाला मत द्यायला लावता येतं. ठराव पटला नाही, तर तेवढ्याच अनुमोदनावर पर्यायी मसुदा त्याच मतपत्रिकेवर चढवता येतो. मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतात आणि मोजणीत प्रत्येक जोडीची स्वतंत्र तुलना होते. 'यांपैकी काहीही नको' हा पर्याय कायम असतो. त्याला आधी 'आणखी चर्चा' म्हणत. जो मसुदा त्याला हरवू शकत नाही, तो बाद.

पसंतीक्रमाचं महत्त्व मोठं आहे. दोनच पर्याय असले की मधल्या मताच्या माणसाला कुठल्यातरी गोटात जावं लागतं आणि वाद आणखी कडवट होतो.

२०१३-१४ मधला सिस्टमडीचा वाद या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. संगणक सुरू होताना पहिला चालणारा प्रोग्राम, म्हणजे इनिट सिस्टम, कोणता असावा, हा प्रश्न डेबियनच्या तांत्रिक वादांवर निर्णय देणाऱ्या तांत्रिक समितीपुढे आला. मुख्य चुरस सिस्टमडी आणि अपस्टार्ट या दोन इनिट सिस्टममध्ये होती. पण त्यात दुसरा प्रश्न गुंतला: एखाद्या पॅकेजने (डेबियनमधून बसवता येणाऱ्या सॉफ्टवेअरने) विशिष्ट इनिट सिस्टमवर अवलंबून राहावं का? हे दोन्ही एकाच मतपत्रिकेवर असावेत की वेगळे, यावरच समितीची बरीच शक्ती खर्च झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ सदस्यांची मतं ४-४ अशी फुटली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडलं गेलं. नियमात बसणारा निर्णय होता, पण एका मताने आलेला निकाल हरलेल्या बाजूच्या गळी उतरवणं अवघड असतं. दुसरा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला आणि सर्वसाधारण ठराव होऊन परतला. नोव्हेंबरात मतदान झालं तेव्हा 'ठरावाची गरज नाही' हा पर्याय जिंकला. त्याच महिन्यात समितीचे तीन सदस्य बाहेर पडले आणि देव्हुआन या फोर्कची, म्हणजे डेबियनचाच कोड घेऊन काढलेल्या वेगळ्या प्रकल्पाची, घोषणा झाली. फोर्क करण्याचा हक्क सॉफ्टवेअरच्या परवान्यानेच दिलेला असतो, पण तो स्वस्त नाही: देव्हुआनची पहिली स्थिर आवृत्ती यायला मे २०१७ उजाडलं.

डेबियनने नंतर घटनेला टाके घातले, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. डिसेंबर २०१४ मध्येच समिती सदस्यांच्या मुदतीवर मर्यादा आली. २०१९ मध्ये इनिटचा वाद पुन्हा उठला तेव्हा मतपत्रिकेवर आठ पर्याय होते. सिस्टमडीवर भर द्यावा, पण इतर पर्यायांच्या शोधाला पाठिंबा असावा, हा मधला मसुदा जिंकला. २०२१ मध्ये फ्री सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांच्याविषयी भूमिका घ्यायची का, यावर मतदान झालं. ठरावांवरची मतं तेव्हा नावासह जाहीर होत. मतामुळे त्रास दिला जाईल, ही भीती तेव्हा उघड बोलली गेली आणि २०२२ मध्ये ठरावांचं मतदान गुप्त झालं. चर्चेलाही जास्तीत जास्त तीन आठवड्यांची हद्द घातली गेली. अल्पमताला संरक्षण हवं, तसं बाकीच्यांच्या वेळेलाही हवं.

पाच-दहा जणांच्या प्रकल्पाने ही सगळी घटना उचलू नये. तिथे अपाचे या ओपन सोर्स संस्थेची पद्धत बरी: प्रस्ताव मांडून किमान ७२ तास थांबायचं, हरकत आली नाही तर संमती धरायची. कोडमधल्या बदलाला एका कमिटरचं (कोडमध्ये थेट बदल करण्याचा हक्क असलेल्याचं) 'उणे एक', म्हणजे विरोधी मतही अडवू शकतं, पण सोबत तांत्रिक कारण लागतं. कारण नसेल तर नकाराधिकार अवैध. 'मला आवडलं नाही' हे कारण होत नाही. 'या बदलाने जुन्या फाइली उघडत नाहीत, हा घ्या टेस्ट केस' हे होतं.

निर्णय झाल्यावर नाकारलेले पर्यायही लिहून ठेवावेत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या बदलांच्या प्रस्तावांच्या साच्यात त्यासाठी वेगळा विभागच आहे. नाकारलेल्या पर्यायांचा परिच्छेद प्रकल्पात सामील करण्याआधी हरलेल्या बाजूच्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, 'तुमचं म्हणणं हेच होतं ना?' तो 'नाही' म्हणाला, तर दुरुस्ती त्यालाच करू द्या.