लग्न १९९१चं, नाव सातबाऱ्यावर

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, वारसनोंदीचं काम चाललंय. एकदा येऊन सही करून जा." कशावर सही, विचारलं तर म्हणाला, "हिस्सा नको म्हणून. तसंही १९९४च्या आधी लग्न झालेल्या पोरींना काही नसतंच की."

माझं लग्न १९९१चं. सीनेकाठच्या आमच्या गावात हे वाक्य मी लहानपणापासून नाही, पण गेली पंचवीस-तीस वर्षं नक्की ऐकत आलेय. आत्यांच्या बाबतीत ऐकलं, चुलतबहिणींच्या बाबतीत ऐकलं. पारावर बसलेला प्रत्येक माणूस ते इतक्या खात्रीनं सांगतो की खोटं वाटायचं कारणच नाही. मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते. कायद्याचं पुस्तक कधी हातात घेतलेलं नाही. पण सही करायची तर आधी कळलं पाहिजे, एवढं मला वाटलं.

कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या मुलानं मोबाइलवर 'आपली चावडी' ही महसूल खात्याची वेबसाइट उघडून दिली. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावात चालू असलेले फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले बदल, दिसतात. आमच्या गटनंबरासमोर 'वारस' असं लिहिलेलं, आणि पुढं हरकत घ्यायची शेवटची तारीख. म्हणजे माझी सही होण्याआधीच नोंद धरली गेली होती. हे पान दर महिन्याला एकदा बघायची सवय प्रत्येक माहेरवाशिणीनं लावून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

तलाठी कार्यालयात अर्ज बघायला मागितला. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात तीनच नावं होती: आई आणि दोघे भाऊ. मी त्या घरात जन्मलेच नव्हते जणू. तिथं बसलेल्या एका माणसानं सल्लाही दिला, "ताई, हरकत घेतली की वर्षानुवर्षं फिरावं लागतं, भावाशी वाकडं होतं ते वेगळंच." दुसरं खरंच होतं.

वकिलाला द्यायला पैसे नव्हते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथं गेले. उत्पन्नाचा दाखला शोधत होते तर तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला तो लागत नाही." १९८७च्या विधी सेवा कायद्यात महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. (फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.) हे इतक्या बायकांना माहीत नाही, याचा मला अजून राग येतो.

मिळालेल्या वकीलबाईंनी १९९४चा गुंता सोडवून दिला. पारावरची माणसं अगदीच हवेत बोलत नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, तेव्हा त्याआधी लग्न झालेल्यांना खरोखर वगळलं होतं. पण २००५ साली केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्नाची ही अट गेली. वडील २००५मध्ये हयात होते की नव्हते, यानंही फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं. आणि वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली जमीन? त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर तिथं मुलगी १९५६पासूनच वारस आहे, लग्न कधीही झालेलं असो. आमच्या विहिरीजवळचा तुकडा वडिलांनी विकत घेतलेला. म्हणजे त्यावर आई, दोघे भाऊ आणि मी, चौघांचा सारखा वाटा.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. साध्या कागदावर "हिस्सा नको" लिहून सही केल्यानं जमिनीतला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतं. "सोडायचंच असेल तर आधी नाव लागू द्या, मग सोडा. वारस म्हणून लपवून ठेवणं वेगळं आणि बहिणीनं मनानं सोडणं वेगळं."

मुदत पंधरा दिवसांची असते, त्यातले बरेच गेले होते. हरकतीचा अर्ज एका पानाचा: मी मयताची मुलगी, अर्जात माझं नाव नाही, माझं म्हणणं ऐकल्याशिवाय नोंद मंजूर करू नये. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, कारण त्यावर वडिलांचं नाव आहे. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं, हे दाखवायला प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्क्यासह पोच घेतली. पोच द्यायला कुरकुर झाली, पण मी उठले नाही.

मग सुनावणीची नोटीस आली. थोरल्या भावानं तिथंही लग्नातल्या खर्चाचा हिशोब काढला. मंडळ अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "ही तुमची सख्खी बहीण आहे का?" तो गप्प बसला. आई म्हणाली, "हो, माझीच लेक हाय की." अर्जात सगळे वारस नाहीत म्हणून ती नोंद रद्द झाली, चौघांच्या नावांचा नवा अर्ज गेला, पुन्हा मुदत, पुन्हा वाट. शेवटी सातबाऱ्यावर चार नावं आली.

सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हेही वकीलबाईंनी बजावलं होतं. ती महसुलाची नोंद. वाद उरला तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडूनही वाटप करून घेता येतं. मी अजून वाटप मागितलेलं नाही. जमीन भाऊच कसतात, ज्वारी तेच पेरतात.

थोरला आठ-नऊ महिने बोलला नाही. भाऊबीजेला धाकटा एकटाच आला. परवा मात्र थोरल्याचाच फोन होता: सोसायटीच्या कर्जाला सगळ्या खातेदारांची संमती मागतात, कागद पाठवू का? म्हटलं, पाठव, पण मी वाचून सही करणार.