ब्रेकची किंचाळी
दुकानाची मालाची तीनचाकी सायकल हल्ली लालबागच्या गर्दीत घंटीशिवायच वाट काढायची. ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की माणसं आपोआप बाजूला!

"थोडं तेल सोडा," एका शेजाऱ्याचा सल्ला. ब्रेकला तेल? माल भरलेली गाडी उतारावर थांबणार कशी मग?

आज सायकलवाल्या काकांनी रिमवर बोट फिरवलं. काळं, चिकट. चेनचंच तेल उडालेलं. रिम स्पिरिटने पुसली, ब्रेकची रबरं पॉलिश पेपरवर घासून वरचा चकचकीत कडक थर काढला. मग रबरं किंचित तिरकी बसवली: पुढचं टोक आधी टेकेल, मागे जेमतेम १ मिलिमीटर फट. रबर टेकताना थरथरलं की तोच आवाज होतो म्हणे.

आता गप्प आहे. पावसात पुन्हा ओरडेल, म्हणून फडकं सीटखालीच ठेवलंय.