टायटनोसॉरस की इसिसॉरस?

“एकाच डायनासोरचं नाव जुन्या पुस्तकात टायटनोसॉरस, नव्यात इसिसॉरस. मुलांना काय शिकवायचं? आणि तो आपल्या मराठवाड्यात का सापडत नाही?” लातूर-नांदेडकडचे शिक्षक हे नेहमी विचारतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या सांगाड्याला इसिसॉरस कोलबर्टीच म्हणा. वर्गीकरणाची उतरंड, मोठ्या गटाकडून लहानाकडं, अशी: सॉरिशिया, सॉरोपोडोमॉर्फा, सॉरोपोडा, टायटनोसॉरिया; मग इसिसॉरस ही प्रजाती (जीनस), कोलबर्टी ही जाती (स्पीशीज).

घोळ जबलपूरपासूनचा आहे. १८७७ साली जीवाश्मशास्त्रज्ञ लायडेकर यांनी तिथल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. मणका पुढून वाटीसारखा खोलगट, मागून गोळ्यासारखा फुगीर, ही त्याची खूण. पुढं अशा शेपट्या अर्जेंटिनातही निघाल्या, मादागास्करातही. खूण साऱ्या गटाचीच निघाली, मग तिच्यावरून एक प्रजाती ओळखायची कशी? डोंगरगावचा प्राणीसुद्धा १९९७ मध्ये टायटनोसॉरस कोलबर्टी म्हणूनच नोंदला गेला. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या अभ्यासकांनी टायटनोसॉरस हे नाव संदिग्ध ठरवलं. डोंगरगावला मात्र मान, पाठ, कंबर, पुढचा पाय असा भरपूर ऐवज होता, तो प्राणी वेगळा ओळखू येत होता. म्हणून प्रजातीला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून नवं नाव मिळालं. जातीचं नाव नियमाप्रमाणं जुनंच राहिलं. कवटी मिळालेली नाही, चित्रातलं डोकं नात्यातल्या प्राण्यांवरून काढलेलं असतं.

त्याच भागातल्या पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेत, गवताचे सिलिकाकण सापडलेत. पण ती विष्ठा नेमकी कोणत्या प्रजातीची हे ठरत नाही. तेव्हा ‘इसिसॉरस गवत खायचा’ असं फळ्यावर लिहू नका, ‘शाकाहारी’ पुरे.

आता मराठवाडा. ही हाडं मिळतात लामेटा नावाच्या गाळाच्या थरांत, आणि ते थर काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, खाली असतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, मग थेट ग्रॅनाईटी खडक. विहीर खणून तिथवर कोण पोचणार? देगलूरकडं बेसॉल्ट संपतो, पण उघडा पडलेला ग्रॅनाईट डायनासोरांहून कितीतरी जुना.

रानातले गोल गोटे अंडी म्हणून दाखवले जातात. बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोटा उरतो, तो हाच. अंड्याला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं एकच कवच असतं, भिंगाखाली त्यावर बारीक उंचवटे आणि छिद्रं दिसतात. नुसतं ॲसिड टाकून ठरवू नका; काळ्या रानातली चुनखडीही तितकीच फसफसते.