ब्रेक कुठे घ्यायचा?

मी एका स्टुडिओत पोस्ट-प्रॉडक्शन सांभाळते. मालिका पूर्ण झाली की प्लॅटफॉर्मकडे जाण्याआधीचा शेवटचा हात आमचा: आवाजाची पातळी, सबटायटल, 'स्किप इंट्रो'चं बटण कुठल्या सेकंदाला दिसावं, वगैरे. त्या सकाळी आलेली मेल मात्र उलट्या दिशेची होती. कधीच पाठवून मोकळ्या झालेल्या आमच्या एका मालिकेला आता जाहिरातींच्या स्वस्त प्लॅनवरही दाखवणार होते. सगळ्या भागांत ब्रेकच्या जागा टाइमकोडसकट, म्हणजे नेमक्या सेकंद-फ्रेमसकट, संध्याकाळपर्यंत हव्या.

हे कधीतरी येणार हे ठाऊक होतं. नेटफ्लिक्स वर्षानुवर्षं जाहिरातींना नाही म्हणत आलं. 2022च्या पहिल्या तिमाहीत त्यांचे 2 लाख ग्राहक घटले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जाहिरातींचा प्लॅन हजर झाला. पाठोपाठ डिसेंबरात अमेरिकेत डिस्ने प्लस, मग जानेवारी 2024मध्ये प्राइम व्हिडिओ. अडचण एवढीच की आमची मालिका लिहिताना लेखकांना आम्हीच बजावून सांगितलं होतं, ब्रेकचा विचारसुद्धा करू नका. त्यांनी तो खरोखरच केला नव्हता. प्रसंग लांबच लांब, एका प्रसंगाचं संगीत पुढच्या प्रसंगात शिरलेलं.

आधी सॉफ्टवेअर चालवलं. ते काळी चौकट, शांतता आणि शॉट बदलणं शोधतं, आणि तिन्ही जिथे जुळतात तिथे खूण करतं. पाचव्या भागात त्याने बरोब्बर तिथे खूण केली जिथे आईला मुलाची बातमी कळते आणि ती दिवा मालवून अंधारात बसून राहते. पडदा काळा, आवाज शून्य. यंत्राच्या हिशेबाने याहून चांगली जागा नाही. त्या शांततेवर साबणाची जाहिरात! मी यादी बाजूला ठेवली आणि आमच्या ज्येष्ठ संकलकांना हाक मारली.

ते टेलिव्हिजनच्या काळात तयार झालेले. तेव्हा पटकथेतच ब्रेक असायचे आणि प्रत्येक ब्रेकच्या तोंडाशी प्रेक्षक अडकेल असं काहीतरी ठेवायचं, दारावरची थाप का होईना. गंमत अशी की त्या काळातल्या आमच्या मालिका जेव्हा स्ट्रीमिंगसाठी नव्याने मास्टर केल्या, तेव्हा ब्रेकच्या जागचे काळे तुकडे आम्ही मन लावून काढून टाकले होते.

सरांनी आवाज बंद करूनच भाग बघायला घेतले. म्हणाले, "संगीत ऐकलंस की कुठेच कापवत नाही. माणसं बघ. कुणाला प्रश्न पडला की तिथे थांब. उत्तर मिळाल्यावर थांबलीस तर प्रेक्षक उठून जाईल." त्यांच्या पद्धतीने बऱ्याच जागा मिळाल्या. उरलेल्या ठिकाणी संगीत मध्येच तुटत होतं. मला वाटलं, संगीताला दोन सेकंदांचा उतार देऊन वेगळी प्रत काढावी. पण एक फ्रेम जरी वाढली तरी पुढची सबटायटलं आणि सगळ्या भाषांचं डबिंग सरकतं, पुन्हा सगळी तपासणी. शिवाय जाहिरात आमच्या फाइलमध्ये नसतेच, ती बघतानाच घातली जाते. बिनजाहिरातीचा ग्राहकही तीच फाइल बघतो. म्हणजे फाइलला हात लावायचा नाही, फक्त खूण पुढेमागे करायची.

दुपारी दिग्दर्शिकेला फोन केला. करारानुसार तिला विचारणं आमच्यावर बंधनकारक, तिचा नकार पाळणं नाही. हे दोघींनाही माहीत असल्याने बोलणं आणखी अवघड. "पाचव्या भागात ब्रेक? अगं, तो भाग मी एका दमात बघण्यासाठी बांधलाय!" मी तिला यंत्राची खूण दाखवली. ती गप्प झाली, मग सरांच्या जागा एकेक करून बघितल्या. शेवटी तिनेच तोड काढली: पाचव्या भागातले ब्रेक पूर्वार्धातच उरकायचे, बातमी आल्यानंतर एकही नाही. प्लॅटफॉर्मने थोडी घासाघीस करून ते मान्य केलं.

तिचा राग मला समजतो, पण मी पूर्ण तिच्या बाजूची नाही. एका प्लॅटफॉर्मला मालिका दिली आणि ती तिथे कायमची नांदली, हे दिवस गेलेत. 2023मध्ये डिस्नेने स्वतःच बनवलेल्या मालिका स्वतःच्या सेवेवरून उतरवल्या; त्याच वर्षी एचबीओच्या मालिका नेटफ्लिक्सवर दिसू लागल्या. एकच मालिका उद्या तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी विकली जाणार. मग ब्रेकची जागा ती घडवणाऱ्यांनी ठरवलेली बरी, नाहीतर अंधार शोधणारं यंत्र आहेच.

यादी संध्याकाळी गेली. एक भाग परत आला, कारण खूण शॉटच्या कडेपासून एक फ्रेम सरकली होती. दुरुस्त करून पुन्हा धाडला. नव्या सीझनच्या पटकथावाचनाला आता सरांनाही बोलावतात. लेखकांनी समासात पेन्सिलीने ब्रेकच्या जागा आखून आणल्या होत्या. त्यातल्या निम्म्या सरांनी पहिल्याच बैठकीत खोडल्या.