दुकानाचं दार आणि पोलिसांचं रडार

इथे अमेरिकेत बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या काचेवर एक छोटी डबी दिसते, रडार डिटेक्टर. पुढे पोलिस गाड्यांचा वेग मोजायची रडार गन लावून बसले असतील तर ही आधीच बोंब मारते. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत बंदी आहे, बाकी ठिकाणी खाजगी गाडीत चालतं, त्यामुळे डीसीला जायचं असलं की मी ती घरीच ठेवतो.

मी न्यू जर्सीत राहतो. पहिली डबी घेतली ती स्वस्तातली आणि आठवड्याभरात डोकं उठलं. सुपरमार्केटवरून गेलं की टँ टँ टँ, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी परत टँ टँ टँ, आणि पोलिस तर कुठेच नाही! कारण काय, तर दुकानांची आपोआप उघडणारी दारं. दारावरच्या सेन्सरमध्ये पण छोटं रडारच असतं, २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, फ्रिक्वेन्सीच्या या पट्ट्यालाच के बँड म्हणतात, आणि पोलिसांच्या काही गन पण त्याच बँडवर चालतात. त्यात भर म्हणजे बऱ्याच गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर, म्हणजे आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारे, ते पण २४ वरच, शेजारच्या लेनमध्ये तशी एसयूव्ही आली की ती पुढे जाईपर्यंत कटकट. शेवटी वैतागून मी आवाजच बंद केला आणि त्याच महिन्यात खरोखरचा पोलिस भेटला, तिकीट हातात. तेव्हा पटलं की सारखी ओरडणारी डबी असून नसून सारखीच.

आता जीपीएसवाली घेतलीय. एकाच जागी, एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तीन-चार वेळा मिळाला की ती समजून जाते की हे दारच आहे, आणि ती जागा लॉक करते, म्हणजे तिथे परत ओरडत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे की लॉक फक्त तेवढ्याच फ्रिक्वेन्सीला असतं, तिथेच पोलिस वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर उभा असेल तर ओरडणारच. कोपऱ्यावरचं ते औषधांचं दुकान बंद झालं, दारावर फळ्या ठोकल्या, मी रोज तिथून जातोच, आणि काही दिवसांनी बघतो तर मॅपवरचा तो लॉकचा ठिपका गायब! सिग्नल येईना म्हणून तिने स्वतःच काढून टाकला. ब्लाइंड स्पॉटवाल्यांसाठी वेगळा फिल्टर आहे, त्यांचा सिग्नल गनसारखा एका फ्रिक्वेन्सीवर स्थिर नसतो, त्यावरून ओळखते. शिवाय वेग कमी असला की गप्प बसते. आणि केए बँड, म्हणजे ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ, वाजला तर मी लगेच पाय उचलतो, कारण त्या बँडवर दारंबिरं नसतात.

पुण्याचा मावसभाऊ मागे लागलाय, दादा येताना एक घेऊन ये. पण आपल्याकडे हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये लेझर गन असतात, लेझरचा बारीक किरण नेम धरून थेट तुझ्याच गाडीवर मारतात, डबी ओरडेपर्यंत वेग नोंदवून झालेला असतो. म्हणून त्याला सांगितलंय, चॉकलेटं आणतो, हे नको.