दहावा माणूस आणि यंदाचा नव्याचा सण

बिरड्याचा रोजा २३ जुलैला झाला. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक म्हणून पाळला जाणारा हा उपवास हिब्रूत तिशा बेआव म्हणून ओळखला जातो; पण या उपवासाच्या जेवणात वालाचे बिरडे असते, म्हणून कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत पिढ्यानपिढ्या त्याला बिरड्याचाच रोजा म्हणतात. तो पार पडला की आमच्या घरात वहीचे एक कोरे पान काढले जाते आणि त्यावर एकापासून दहापर्यंत आकडे घातले जातात. त्या आकड्यांपुढे नावे लिहायची असतात. येत्या सप्टेंबरमध्ये रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, कोण कोण उभे राहणार, याची ती यादी असते.

आमच्या रीतीप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. या दहांना मिन्यान म्हणतात. दहा नसतील तर प्रार्थना होते, परंतु कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही आणि सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, उघडून वाचता येत नाही. मी बाई असल्यामुळे या मोजणीत धरली जात नाही. मात्र लहानपणापासून मी आई आणि आत्यांबरोबर वरच्या सज्जात बसत आले आहे, आणि सज्जातून खालची सगळी डोकी एका नजरेत दिसतात. त्यामुळे मोजण्याचे काम नकळत माझ्याकडे आले आणि ते मी मनापासून करते. पुष्कळदा प्रार्थना चालवणाऱ्या हजानांच्याही आधी, आज दहा होणार की नाही, हे मला कळलेले असते.

वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, त्यांच्या पुण्यतिथीच्या संध्याकाळी, मी नऊ मोजले. पाऊस धरून आला होता आणि ज्यांनी येण्याचे कबूल केले होते ते वाटेत अडकले होते. माझा भाऊ कद्दीश म्हणण्यासाठी पुस्तक उघडून उभा होता. सगळे थांबले, दिव्यात तेल पुन्हा घातले गेले, कोणीतरी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. अखेरीस बाकीची प्रार्थना उरकून पुस्तके मिटली गेली. भावाने पुस्तक कपाळाला लावून फळीवर ठेवले, ते मला वरून दिसत होते. त्या दिवसापासून यादीचे पान मी स्वतः लिहिते आणि फोनही मीच करते.

यंदा यादी लवकर करण्याचे कारण पंचांगात आहे. ५७८७ हे हिब्रू वर्ष शुक्रवारी, ११ सप्टेंबर २०२६ रोजी, सूर्यास्ताला लागते. त्याच्या आदला एलुल महिना १४ ऑगस्टला सुरू होतो. महिनाभर पहाटे क्षमेच्या प्रार्थना म्हणायच्या असतात, आणि जुनी माणसे या महिन्यात उपवास करीत व त्या उपवासांना रमजान म्हणत. नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, शनिवारी १२ आणि रविवारी १३ सप्टेंबर असे दोन दिवस आहे. पहिलाच दिवस शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आल्याने त्या दिवशी शोफार फुंकला जाणार नाही. मेंढ्याच्या शिंगाचा तो आवाज रविवारी सकाळी ऐकायला मिळेल. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून रविवारच्या रात्रीपर्यंत प्रवास वर्ज्य असल्यामुळे मुंबई-ठाण्याहून येणाऱ्याला शुक्रवारी दिवस असतानाच गावात पोचावे लागेल आणि दोन्ही रात्री मुक्काम करावा लागेल.

आता सोमवारी, १४ सप्टेंबरला, गणेश चतुर्थी आहे. म्हणजे ज्या शुक्रवारी आमची माणसे गावाकडे निघतील, त्याच शुक्रवारी निम्मी मुंबई कोकणात निघालेली असेल. पळस्प्यापासून वडखळपर्यंतच्या रस्त्यावर त्या दिवशी काय स्थिती असते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. त्यामुळे जे येणार आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी गुरुवारी रात्रीच निघावे, निदान शुक्रवारी उजाडण्यापूर्वी ठाणे सोडावे. वाहतुकीत अडकलेला माणूस शब्बाथ लागल्यावर फार मोठ्या पेचात सापडतो, आणि गावात नऊ जण त्याची वाट पाहत बसतात.

या दोन सणांचे असे जवळ येणे मला दर वेळी विलक्षण वाटते. आमचे महिनेही चंद्राचे आहेत आणि आमच्याकडेही काही वर्षांनी एक महिना अधिक धरतात. येणारे ५७८७ हे वर्ष तेरा महिन्यांचेच आहे, त्यामुळे पुढचा पेसाख, म्हणजे वल्हांडणाचा सण, थेट २१ एप्रिल २०२७ च्या संध्याकाळी येईल. अधिक महिना घालण्याची दोघांची रीत निराळी असल्यामुळे आमचा तिश्री महिना कधी भाद्रपदाशी तर कधी आश्विनाशी जुळतो. गेल्या वर्षी घटस्थापना झाली त्याच संध्याकाळी आमचे नवे वर्ष लागले होते. यंदा अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी, २५ सप्टेंबरला, गणपती विसर्जनाला निघालेले असताना आमचा मांडवांचा सण, म्हणजे सुक्कोथ, सुरू होईल.

स्वयंपाकाचे नियोजनही याच दिवसांवरून करायचे आहे. शनिवारी चूल पेटवता येत नाही, त्यामुळे शनिवारचे सगळे जेवण शुक्रवारी दुपारपर्यंत तयार हवे. चिकाचा हलवा मात्र गुरुवारीच करून ठेवणार आहोत. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात साखर घालून तो तासन्‌तास घोटायचा, हे एकटीचे काम नव्हे. हल्ली पुष्कळ घरांत चायना ग्रासवर भागवतात, आणि त्यात काही वावगे नाही, परंतु गावच्या सिनेगॉगसाठी आम्ही गव्हाचाच चीक काढतो. गाईच्या दुधाऐवजी नारळाचे दूध का, असे शेजारणी विचारतात. मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही, आणि कोकणात नारळ दारातच होता, म्हणून आमच्या सणाच्या बहुतेक गोड पदार्थांत नारळाचेच दूध असते. किद्दूशसाठी, म्हणजे सणाच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करायचे असते. द्राक्षाचा रस मिळत नसे तेव्हापासूनची ही पद्धत आजही तशीच चालू आहे.

पुढच्या मंगळवारी, १५ सप्टेंबरला, खिरीचा सण. हा सण मोठ्या ग्रंथांत शोधून सापडणार नाही. नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर करून प्रार्थनेनंतर वाटायची, एवढाच त्याचा विधी आहे, आणि तो आम्हा कोकणच्या लोकांचा आहे. हिब्रूचे शास्त्रशुद्ध शिक्षण आमच्या पूर्वजांना फार उशिरा मिळाले. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी आमची मूळकथा आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, आणि शेमा ही देव एकच आहे असे सांगणारी एकच प्रार्थना तोंडी राहिली. तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावकरी शनवार तेली म्हणू लागले. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण ही नावे त्या काळातली आहेत. मी ती मुद्दाम वापरते. माझ्या मुलीला योम किप्पूर हा शब्द शाळेच्या वयात पुस्तकातून कळला, पण दारफळणी तिने आजीच्या तोंडून त्याआधीच ऐकली होती.

दारफळणी, म्हणजेच योम किप्पूर, हा दारे लावून घेण्याचा, प्रायश्चित्ताचा दिवस. यंदा ती रविवारी, २० सप्टेंबरला, सूर्यास्ताला लागून सोमवारी रात्री संपेल. पंचवीस तासांचा कडक उपवास असतो, पांढरे कपडे घालायचे असतात, आणि दिवसभर सिनेगॉगमध्येच थांबायचे असते. या दिवसांत पूर्वज आपापल्या घरी येऊन जातात, अशी जुन्या माणसांची श्रद्धा होती. मला या दिवशीचे दोन क्षण फार जवळचे वाटतात. एक म्हणजे दुपार कलल्यानंतरचा, जेव्हा आवाज बसलेले असतात आणि हजानांच्या मागे म्हणणाऱ्यांचा सूर खाली येतो, तरीही कोणी जागा सोडत नाही. आणि दुसरा म्हणजे शेवटच्या शोफारनंतरचा, जेव्हा सगळे एकमेकांची बोटे हातांत घेऊन मग स्वतःचे हात ओठांना लावतात. आम्ही याला हातबोशी म्हणतो. वर्षभर ज्यांचे बोलणे नव्हते अशी माणसेही त्या वेळी एकमेकांपुढे हात करतात. त्यानंतर मनुकांच्या सरबताने आणि रव्याचे सारण भरलेल्या पुऱ्यांनी उपवास सुटतो. मंगळवारी शिळा सण: गाठीभेटी आणि दानधर्म.

मी एरवी ठाण्यात राहते आणि तिथल्या शाआर हशामायिम सिनेगॉगमध्ये जाते. ते १८७९ सालचे आहे, आणि ठाण्यात आमची वस्ती चांगली असल्यामुळे तिथे दहांची चिंता सहसा करावी लागत नाही. मुंबईतले शाआर हरहामीम तर १७९६ सालचे. कंपनी सरकारच्या सैन्यात असलेल्या आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी ते उभारले. आमचे लोक पूर्वी सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद स्थानकाचे नाव याच इमारतीवरून पडले असे आमच्याकडे सांगतात. या मोठ्या सिनेगॉगांविषयी मला आदर आहे. पण गेल्या शतकाच्या मध्यानंतर गावोगावची घरे लोद, रामला, दिमोना, अश्दोद अशा इस्राएलमधल्या शहरांकडे निघून गेली, आणि पेण, पनवेल, रेवदंडा, अलिबाग अशा ठिकाणची सिनेगॉग मागे राहिली. ज्यांची आडनावेच पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आहेत, त्यांनी वर्षातून दोनदा तरी त्या वाटेने जावे, असे मला वाटते. इमारतीची डागडुजी पैशाने होते. हेखालचा, म्हणजे सेफेर ठेवण्याच्या कपाटाचा, पडदा सरकवून सेफेर बाहेर काढण्यासाठी मात्र माणसे लागतात.

सुक्कोथच्या मांडवाचा प्रश्न शेजारच्या वाडीवाल्या काकांनी सोडवला आहे. झावळ्या ते स्वतः आणून टाकतात, आणि दर वर्षी छपरातून आकाश दिसते की नाही हे आम्हाला विचारून घेतात, कारण तसे दिसलेच पाहिजे हा नियम त्यांना आता आमच्याइतकाच पाठ आहे. मांडव शुक्रवारी, २५ सप्टेंबरला, दुपारपर्यंत बांधून झाला पाहिजे. रविवारी, ४ ऑक्टोबरला, सिम्हाथ तोरा, म्हणजे तोरेचा आनंदोत्सव. त्या दिवशी सेफेर हातात घेऊन तेबाभोवती, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्याभोवती, फेऱ्या घालतात आणि नाचतात, आणि लहान मुलांना आणायचे असेल तर हाच दिवस निवडावा. त्यांना झेंडे आणि मिठाई मिळते, आणि खाली पुरुषांमध्ये धावताना त्यांना कोणी रागावत नाही.

येणाऱ्यांना आणखी एक सांगायचे आहे. हिब्रू येत नाही, या संकोचाने कोणी मागे राहू नये. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी १९ व्या शतकातच आमच्या प्रार्थना मराठीत आणून ठेवल्या आहेत, आणि आमच्या कपाटातली जुनी पुस्तके एका पानावर हिब्रू आणि समोरच्या पानावर मराठी अशी आहेत. माझे आजोबा मराठीच्या पानावर बोट ठेवून वाचत आणि शेमा आले की डोळ्यांवर उजवा हात धरून ते हिब्रूत म्हणत. त्यांची मोजणी कोणी अर्धी धरली नाही.

आजपर्यंत सात नावे झाली आहेत. त्यांत भावाचा मुलगा आहे. त्याला जूनमध्ये तेरावे वर्ष पूर्ण झाले, त्यामुळे त्याचे नाव या पानावर प्रथमच आले आहे, आणि ते त्याने स्वतःच्या अक्षरात सातव्या आकड्यापुढे लिहिले. अश्दोदहून चुलतभाऊ दारफळणीसाठी येतो म्हणाला आहे, पण नव्याच्या सणाला तो नाही. म्हणजे ११ सप्टेंबरच्या संध्याकाळसाठी अजून तिघे हवे आहेत. माजघरात सहा गाद्या घालता येतील, पुढच्या ओटीवर आणखी चार. नारळ साठ सांगून ठेवले आहेत.